छप्पर गळतंय, पण सांगू कसं?

प्रश्न: आम्ही श्रीवर्धन तालुक्यात राहतो. निसर्ग वादळात आमच्या घरावरची कौलं उडाली, अर्धे वासे मोडले, सुपारीची वाडी आडवी झाली. सरकारी मदत आली ती वाडी साफ करण्यातच संपली. त्या वर्षी दिवाळीनंतर वसईकडच्या एका चर्चची मुलं-मुली गावात येऊन राहिली आणि काही घरांवर पन्हळी पत्रे घालून गेली. त्यात आमचं घर होतं. कुणी बँकेत नोकरीला, कुणी कॉलेजात शिकणारं. एक पैसा घेतला नाही, जेवणाचा शिधासुद्धा स्वतःचा आणला होता.

पण ताई, छप्पर गळतं. पहिल्यांदा तौक्ते वादळाच्या पावसात गळलं, तेव्हापासून दर पावसाळ्यात माजघरात दोन ठिकाणी आणि सासूबाईंच्या खाटेवर. आम्ही घमेली, टोप ठेवून भागवतो. गावचे सुतार म्हणाले, बोल्ट पत्र्याच्या खोलगट भागात मारलेत, गळणारच. त्या टीमचा प्रमुख मुलगा दर नाताळला आठवणीने फोन करतो, "काकी, घर कसं आहे?" मी म्हणते, "झकास आहे रे बाळा." मालक म्हणतात, धर्माची गाय आणि दात का नाय, असलं काही बोलायचं नाही. शेजारी आधीच टोमणे मारतात, चर्चने छप्पर दिलं, आता येशूचा फोटो कधी लावताय.

परवा पुन्हा त्या मुलाचा फोन आला. सीना नदीच्या पुरात ज्यांची घरं खचली त्या भागात त्यांची टीम मे महिन्यात जाणार आहे. त्याआधी त्यांच्या पत्रिकेत छापायला आमच्या घराचा नवा फोटो आणि माझे दोन शब्द हवेत. मी हो म्हणून बसले. खरं बोलले तर त्या पोरांचं मन मोडेल, आणि खोटं छापून आलं तर माझं मन मला खाईल. काय करू?

(नाव-गाव छापू नये)

उत्तर:

ताई, फोटो जरूर पाठवा. फक्त तो बाहेरून काढू नका, आतून काढा. भिंतीवरून उतरलेले ओघळ, खाटेच्या वरचा गंजका डाग, आणि कोपऱ्यात उपडं घालून ठेवलेलं ते घमेलं. हा फोटो पत्रिकेसाठी नाही, त्या मुलासाठी आहे, आणि तो या आठवड्यातच जायला हवा.

इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात ते तुमच्या संकोचाला धरून होतं. गळत होतं तुमच्या घरात, भिजत होती तुमची माणसं, तेव्हा सांगायचं की सोसायचं हे तुम्ही ठरवलंत. मला ते पटत नाही, पण तो तुमचा प्रश्न होता. आता तसं राहिलेलं नाही. तीच मुलं तोच हातोडा घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात निघाली आहेत. आपण बसवलेले बोल्ट चुकीच्या जागी बसलेत हे त्यांना माहीतच नाही, कारण ज्यांना माहीत आहे त्यांनी दर नाताळला "झकास" असं सांगितलं. मग ती पद्धत का बदलतील? सीनाकाठी कुणाच्या तरी खाटेवर पुढच्या जूनमध्ये पाणी ठिबकेल, आणि तिथलीही काकी फोनवर "छान आहे" म्हणेल.

मालकांच्या गायीचं आधी बघू. ती म्हण फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढणाऱ्याला टोचण्यासाठी आहे. तुम्ही गाय मागितली नव्हती, तिचे दातही मोजत नाही आहात. गाय गोठ्यात आजारी पडली आहे आणि ज्याने दिली त्याला तेवढं कळवायचं आहे. मालकांना हेही सांगा, की त्या मुलाला आपण परका मानतो म्हणून त्याच्यापुढे सारवासारव करतो. घरच्या पुतण्याने पत्रे घातले असते तर पहिल्याच पावसात त्याला हाक मारून वर चढवलं असतं की नाही?

आणि मुळात मदत घेतली याची लाज तुमच्या पत्रात जागोजाग डोकावते आहे, ती काढून टाका. ३ जून २०२० ला दुपारी तुमच्या किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने वारा आला. सरकारने त्या वेळी बागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, ऐकायला ती मोठी होती. पण श्रीवर्धनात हेक्टरभर वाडी किती जणांकडे आहे? दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने पाच हजार रुपये होतात. त्यात आडवे झालेले माड-पोफळी तोडून वाडीबाहेर काढायचे, आणि नवं सुपारीचं रोप लावलं तर पीक हाती यायला सहा-सात वर्षं. अशा वेळी कुणी छपराला हात लावला तर तो घ्यायचाच असतो. ती मुलं आली नसती तर तुम्ही ताडपत्रीखाली आणखी एक पावसाळा काढला असता.

आता एक गोष्ट सांगते, ती बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेली नसेल. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी कसं वागायचं याची एक आचारसंहिता १९९४ मध्ये तयार झाली. रेड क्रॉस तीत होती, आणि चर्चच्या मोठ्या जागतिक संस्थाही होत्या: कॅथलिकांची कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस. तिच्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. मदतीचा वापर कुठल्याही धार्मिक किंवा राजकीय मतासाठी करायचा नाही, ही एक. आणि ज्यांच्याकडून पैसे घेतो त्यांना जसे आम्ही जबाबदार, तसे ज्यांना मदत करतो त्यांनाही जबाबदार, ही दुसरी. म्हणजे छपरासाठी वर्गणी देणाऱ्या वसईच्या माणसाला जेवढा हिशेब विचारायचा अधिकार, तेवढाच त्या छपराखाली झोपणाऱ्या तुमच्या सासूबाईंना. हा अधिकार चर्चवाल्यांनी स्वतःच लिहून दिलेला आहे. त्या मुलाने ही संहिता वाचली नसेलही, एखाद्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, तरुण मंडळाकडून तशी अपेक्षाही नाही, पण त्याच्या फादरना ती परकी वाटणार नाही.

शेजाऱ्यांच्या टोमण्याचं उत्तर यातच आलं. त्या मुलांनी तुमच्याकडे प्रार्थनेचा, नावाचा, कशाचाही विषय काढला होता का? तुमच्या पत्रात तसं एक अक्षर नाही. मग टोमणे मारणाऱ्यांना एवढंच विचारा, की त्या नोव्हेंबरात तुम्ही आमच्या वाशाला हात लावायला आला होतात का. यापलीकडे त्यांच्यावर शब्द खर्चू नका.

फोन करण्याआधी घराची नीट पाहणी करा, म्हणजे बोलताना चाचपडायला होणार नाही. एखाद्या दिवशी ऊन डोक्यावर असताना माजघराची दारं-खिडक्या बंद करा आणि काळोखात वर बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथे भोक आहे. खालच्या जमिनीवर, अगदी त्या ठिपक्याखाली, खडूने खूण करा. एक लक्षात ठेवा, पाणी जिथे ठिबकतं तिथेच शिरत असेल असं नाही. ते वरून कुठून तरी आत येतं, वाशाला धरून घरंगळतं आणि सोयीच्या जागी खाली पडतं. म्हणून खाटेवरच्या थेंबाचं मूळ हातभर वर, आढ्याच्या बाजूला असू शकतं. हे ठिपके, डाग आणि पत्र्याच्या खालच्या बाजूने दिसणारी बोल्टची टोकं, सगळ्याचे फोटो काढा. वर चढू नका आणि मालकांनाही चढू देऊ नका. गावातल्या इतर घरांवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांनाही बजावा. त्या पत्र्यावर मधोमध पाय पडला की माणूस थेट खाली येतो.

तुमच्या सुतारांचं निदान मला बरोबर वाटतं. पन्हळी पत्र्यावरचं पाणी वाहतं ते खोलगट भागातून. तिथेच भोक पाडून बोल्ट घातला की सगळं छप्परभर पडलेलं पाणी त्या भोकावरूनच जातं. वॉशर नवा असेपर्यंत तो अडवतो. डांबरी वॉशर उन्हाने सुकून तडकला की खेळ संपला. म्हणून बोल्ट नेहमी उंच भागावर घ्यायचा, पाण्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही. सुतारांना आणखी दोन गोष्टी बघायला सांगा. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलाय का? आणि शेजारच्या पत्र्यावर चढलेली उघडी कड कुठल्या बाजूला आहे? आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. कड त्या बाजूला उघडी राहिली तर बोल्ट कितीही चांगले असोत, झड आत येणारच.

यात गळतीपेक्षा मोठी गोष्ट आहे आणि फोनवर तीही सांगायला हवी. सतत ओलं राहिलेलं भोक गंजतं, गंजून मोठं होतं, आणि एक दिवस बोल्ट जागेवर राहतो पण पत्रा त्यातून निसटतो. वादळात छप्पर ढकललं जाऊन पडत नाही, ते वर उचललं जातं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा उचलण्याचा जोर चौपट होतो, आणि तो सगळ्यात जास्त असतो कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. तिथले बोल्ट गंजलेले असतील तर पुढच्या वादळात तुमचा पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात, किंवा कुणाच्या मानेवर. माजघरात घमेलं ठेवता येतं, यावर काही ठेवता येत नाही.

आता फोन. त्या मुलालाच करा, थेट फादरना नको, नाहीतर त्याला वाटेल काकींनी वर तक्रार केली. आणि साधारण असं बोला: "बाळा, एक गोष्ट मी तुला इतकी वर्षं संकोचाने सांगितली नाही. आम्ही छपराखाली आहोत ते तुमच्यामुळे. पण माजघरात दोन ठिकाणी आणि आजींच्या खाटेवर गळतं, पहिल्या वर्षापासून. सुतार म्हणतात बोल्ट खोलगट भागात बसलेत. फोटो पाठवते. तुम्ही पुढच्या गावाला जायच्या आधी एकदा येऊन बघून जा." एवढं झालं की थांबा. तो क्षणभर गप्प होईल. ती शांतता भरायला तुम्ही "तसं काही विशेष नाही रे, चार थेंब पडतात एवढंच" असं म्हणाल, मला खात्री आहे, आणि मग सगळं मुसळ केरात. ओठ घट्ट मिटून ठेवा. पहिलं त्याला बोलू द्या.

तो काय म्हणेल? बहुधा आधी खजील होईल आणि मग विचारेल, काकी, आधी का नाही सांगितलं. त्यावर खरं उत्तर द्या. तुम्ही फुकट काम केलंत म्हणून आम्हाला जीभ उचलवली नाही. हे वाक्य त्याने ऐकणं फार गरजेचं आहे. मदत करणाऱ्या तरुणांना हे सहसा सुचत नाही, की ज्यांच्याकडून पैसे घेतलेले नाहीत ती माणसं खरं सांगत नाहीत. पैसे मोजलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. "घर कसं आहे" या प्रश्नाला आपल्याकडे "बरं आहे" हेच उत्तर असतं. "कुठल्या खोलीत गळतं?" असं विचारलं असतं तर तुम्ही पहिल्याच वर्षी सांगून टाकलं असतं.

कदाचित तो दुखावेल, फोन लवकर ठेवेल, चार दिवस करणारही नाही. होऊ दे. जो मुलगा दर वर्षी न चुकता फोन करतो तो त्यावरून नातं तोडणारा नसतो. पण समजा आलाच नाही, तर पावसाच्या तोंडावर त्याची वाट बघत बसू नका. तुमच्या सुतारांकडून काम करून घ्या. जुनी भोकं गंज खरवडून बुजवायची, वर सीलंट आणि पत्र्याचं ठिगळ लावायचं, नवे बोल्ट उंच भागावर रबरी वॉशर लावून घ्यायचे, कडांना आणि आढ्याला ते जास्त जवळ-जवळ. एखादा पत्रा चाळण झाला असेल तर बदलायचा. नवं छप्पर घालण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. नाहीतरी कौलं होती तेव्हा मे अखेरीला शाकारणी करतच होतात की. पत्रे आले म्हणून वर बघणं सुटलं, तेवढं पुन्हा सुरू करा.

तो आला, तर मात्र खर्चाची वाटणी आधी बोलून घ्या. सामान त्यांचं, सुतारांची मजुरी आणि दोन वेळचं जेवण तुमचं, असं म्हणा. यात मालकांचा मान राहील आणि तुमच्या मनावरचं ओझंही कमी होईल. त्या वेळी त्यांनी शिधा स्वतःचा आणला होता, या वेळी तुमच्याकडच्या माशाचं कालवण खाल्ल्याशिवाय त्यांना वर चढू देऊ नका.

आणि सुतार वर असले पाहिजेत, ही अट घाला. मला त्या मुलांचा हेतू जराही कमी लेखायचा नाही. बँकेतला मुलगा रजा काढून परक्या गावात वाशावर चढतो ही लहान गोष्ट नाही. वसईलाही समुद्रच आहे, पण आता तिथेही स्लॅबची घरं झाली. शाकारणी त्या मुलांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल, केलेली नसेल. २०२० मध्ये तुमचे सुतार त्यांच्यासोबत का नव्हते? गावात प्रत्येकाचंच छप्पर उडालं होतं, ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या आढ्यावर असतील. पण सुताराशिवाय पत्रे घालण्यापेक्षा त्याच्यासाठी आठवडाभर थांबणं बरं. किंवा सहाऐवजी तीन घरं घ्यावीत आणि उरलेल्या पैशांत सुताराला मजुरी द्यावी. स्वयंसेवकांना फुकट काम करण्याची इतकी सवय असते, की पैसे देऊन कारागीर लावणं त्यांना कुठेतरी कमीपणाचं वाटतं. वादळाने त्या सुताराचंही घर गेलेलं असतं. त्याला मजुरी दिली तर तीही मदतच आहे.

हे सीनाकाठी तर जास्तच लागू आहे. तुमच्याकडे घर वाऱ्याने मोडलं, तिकडे सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याने. मातीच्या भिंतीत पाणी उभं राहिलं की वाळल्यावर ती वरून धड दिसते आणि तळाशी पोखरलेली असते. तिच्यावर नवे पत्रे चढवले तर भिंतीसकट खाली येतील. तिकडची जुनी घरं माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या सपाट छपराची, आणि त्या मुलुखाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदं आणि दगडी भिंती अंगावर कोसळताना पाहिल्या आहेत. डोक्यावर काय असावं याबद्दल तिकडच्या माणसांची ठाम मतं असणार आणि त्याला कारणं असणार. वसईहून गेलेल्या मुलांनी आधी गवंड्याला भिंत ठोकून बघायला सांगावं, घरातल्या बाईला विचारावं पाणी कुठवर आलं होतं, मग पत्र्यांची ऑर्डर द्यावी. त्या मुलाशी बोलताना हे त्याच्या कानावर घाला. तुमच्या तोंडून तो ऐकेल, कारण तुम्ही पाच पावसाळे त्याच्या कामाखाली काढलेत. त्याच्या टीममधल्या कुणीच ते केलेलं नाही.

हे वाचणारं कुणी अशा एखाद्या टीममधलं असेल, तर एकच विनंती. काम संपल्याची तारीख किल्ली दिल्याच्या फोटोवर लिहू नका. पहिला मोठा पाऊस झाला की दोघांनी एसटीने जाऊन प्रत्येक घराच्या छपराखाली उभं राहून यायचं, आणि त्या तिकिटाचे पैसे वर्गणी काढतानाच बाजूला ठेवायचे.

राहिले तुमचे दोन शब्द. ते आत्ता देऊ नका. दुरुस्ती झाल्यावर द्या, आणि जे झालं ते सगळं लिहा: वादळ, मुलं, पत्रे, गळती, फोन, सुतार. वर्गणी देणाऱ्याला असं वाचून त्या मंडळाबद्दल विश्वास वाटेल, नुसतं "त्यांचे उपकार विसरणार नाही" वाचून वाटत नाही, कारण ते प्रत्येक पत्रिकेत असतं. छापायच्या आधी मजकूर वाचायला मागा. गळतीचा भाग गाळून उरलेलं छापायचं असेल तर नको म्हणा, त्यात उद्धटपणा काही नाही. मेच्या अंकाला उशीर होईल, होऊ दे. पत्रिका दिवाळीतही निघते.

फोन सकाळी करा, तो कामावर जायच्या आधी किंवा रविवारी त्याची मिस्सा आटोपल्यावर. सासूबाईंची खाट मात्र आजच सरकवा, पाऊस कुणाच्या फोनसाठी थांबत नाही. तो काय म्हणाला ते कळवा.